‘सर्व्हर नाही’ म्हणजे नेमके काय तुटले? संगणक-जाळ्याचा आपोआप तयार होणारा नकाशा आणि तुमचा लाभ

म्हैसूरच्या रास्त भाव दुकानात तुम्ही रांगेत उभे आहात. इथे या दुकानाला ‘न्यायबेले अंगडी’ म्हणतात. नंबर आला, यंत्रावर बोट ठेवले, पडद्यावरचे चाक फिरत राहिले आणि दुकानदार म्हणाला, “सर्व्हर इल्ला.” म्हणजे सर्व्हर नाही, उद्या या. दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या माणसाला या दोन शब्दांनी काहीच कळत नाही. सर्व्हर ठीक असेल आणि गावाबाहेर जेसीबीने तार तोडली असेल, असेही होऊ शकते. नेमके काय बिघडले आहे हे शोधण्यासाठी मोठ्या संगणक-जाळ्यांचा नकाशा यंत्रेच तयार करतात. तो कसा बनतो, त्याला काय दिसत नाही आणि त्याचा तुमच्या धान्याशी व पैशांशी काय संबंध आहे, ते या लेखात वाचा.

हा लेख कोणासाठी?

म्हैसूर जिल्ह्यात राहणाऱ्या मराठी भाषक लाभार्थ्यांसाठी. त्यातही महाराष्ट्राची किंवा गोव्याची शिधापत्रिका घेऊन इथे कामाला आलेल्या कुटुंबांनी तो नक्की वाचावा. ‘एक देश, एक रेशन कार्ड’ ही सोय १ जानेवारी २०२० पासून ज्या पहिल्या १२ राज्यांत सुरू झाली, त्यांत महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक ही तिन्ही राज्ये होती. पण बाहेरच्या राज्याच्या कार्डावरचे वाटप जाळ्याशिवाय होतच नाही. स्थानिक कार्डधारकाला दुकानदार नावाने, चेहऱ्याने ओळखतो. तुम्हाला ओळखते ते फक्त यंत्र.

बोटापासून धान्यापर्यंतचा रस्ता

तुमच्या बोटाचा ठसा दुकानातल्या ई-पॉस यंत्रातून निघतो. पुष्कळ यंत्रांत मोबाइलचे सिम असते, त्यामुळे पहिला टप्पा जवळचा मनोरा. तिथून तो बहुतेक वेळा जमिनीखालच्या ऑप्टिकल फायबरने पुढे जातो आणि राज्याच्या सर्व्हरवर पोहोचतो. ठसा तुमचाच आहे का, ही विचारणा आधारच्या यंत्रणेकडे जाते. कार्ड दुसऱ्या राज्याचे असेल तर या महिन्याचे धान्य आधीच कुठे उचलले आहे का, हे केंद्रीय नोंदीतही पाहावे लागते. या सगळ्याला काही सेकंद लागतात. मधली एक कडी निसटली तरी पडद्यावर तेच फिरणारे चाक दिसते.

इतर योजनांचेही असेच. कुटुंबप्रमुख महिलेला दरमहा २,००० रुपये देणाऱ्या गृहलक्ष्मी योजनेचा शुभारंभ ३० ऑगस्ट २०२३ रोजी म्हैसूरमध्येच झाला. त्याआधी जुलैपासून ग्राम वन, कर्नाटक वन आणि बापूजी सेवा केंद्रांत नोंदणी सुरू होती. पैसे थेट बँक खात्यात जमा होतात, तिथे रांग नाही. नोंदणी आणि ई-केवायसीसाठी मात्र सेवा केंद्रापर्यंतचे जाळे चालू असावे लागते.

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याचे काम ‘भारतनेट’ करते. २५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्र सरकारने ते राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क या नावाने मंजूर केले. आजचे नाव नंतर मिळाले. यात तालुक्याच्या ठिकाणी एक मुख्य यंत्र असते, त्याला ओएलटी म्हणतात, आणि ग्रामपंचायतीत एक छोटी पेटी असते, तिला ओएनटी म्हणतात. दोघांच्या मधे मैलोन्‌मैल तंतू असतो. तो शेताच्या बांधाजवळून, रस्त्याच्या कडेने, पुलाखालून गेलेला असतो.

हाताने काढलेला नकाशा का पुरत नाही?

तार टाकताना कंत्राटदार आराखडा देतो. त्यानंतर रस्ता रुंद होतो, खांब हलतो, जोडणी दुसऱ्या पेटीत जाते, जळालेले यंत्र बदलले जाते. कागद मात्र तसाच राहतो. गावच्या सातबारावर आजोबांचे नाव आणि जमीन कसतो नातू, तसाच हा प्रकार. दहा-वीस यंत्रे असतील तर कागद जुना झाला तरी माणसाच्या डोक्यात सगळे असते. हजारो यंत्रांच्या जाळ्यात ते शक्य नाही. म्हणून जाळ्यालाच विचारून नकाशा काढण्याच्या पद्धती निघाल्या.

सर्वात सोपी पद्धत शेजाऱ्यांच्या ओळखीची. एलएलडीपी नावाचा नियम पाळणारे प्रत्येक यंत्र साधारण दर ३० सेकंदांनी आपल्या प्रत्येक तारेवर सांगते, “मी अमुक यंत्र, माझे अमुक भोक.” पलीकडचे यंत्र हे टिपून ठेवते. मग नियंत्रण कक्षातला संगणक एकेका यंत्राला विचारत जातो, “तुझे शेजारी कोण?” ही विचारपूस ज्या भाषेत होते ती एसएनएमपी. ती १९८८ पासून वापरात आहे. सगळ्यांची उत्तरे जोडली की नकाशा तयार.

पण सगळीच यंत्रे ओळख सांगत नाहीत. जुनी यंत्रे, स्वस्त यंत्रे, वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे यांचे एकमेकांशी जमत नाही. अशा जाळ्यासाठीची एक हुशार युक्ती २००० साली बेल लॅब्जच्या संशोधकांनी मांडली. त्या गटात आयआयटी मुंबईत शिकलेले राजीव रस्तोगी होते. ती समजून घेण्यासाठी म्हैसूरहून दक्षिणेला जाणाऱ्या बसमार्गाचा विचार करू.

समजा या मार्गावर तीनच स्थानके आहेत: म्हैसूर, नंजनगूड आणि गुंडलुपेट. रस्ता तुम्ही पाहिलेला नाही, नकाशाही नाही. प्रत्येक स्थानकाच्या प्रत्येक दारावर मात्र एक फलक आहे: या दारातून बस कोणत्या गावांना जाते. म्हैसूरच्या दक्षिण दारावर लिहिले आहे, नंजनगूड आणि गुंडलुपेट. नंजनगूडच्या उत्तर दारावर फक्त म्हैसूर. हे दोन फलक शेजारी ठेवा. दोन्ही मिळून तिन्ही गावे येतात आणि एकही गाव दोनदा येत नाही. म्हणजे ही दोन दारे थेट जोडलेली आहेत, मधे दुसरे स्थानक नाही.

आता म्हैसूरचे दक्षिण दार आणि गुंडलुपेटचे उत्तर दार घ्या. गुंडलुपेटच्या फलकावर आहे, नंजनगूड आणि म्हैसूर. नंजनगूड दोन्ही फलकांवर आले. म्हणजे ते मधे आहे आणि ही दोन दारे थेट जोडलेली नाहीत. रस्त्यावर पाऊल न टाकता, नुसते फलक वाचून रस्ता सापडला.

जाळ्यातले स्विच असेच फलक ठेवतात. कोणत्या भोकातून कोणत्या पत्त्यांची माहिती आली, याची यादी प्रत्येक स्विचपाशी असते. त्या याद्या गोळा करून संगणक दोन-दोन भोकांची तुलना करतो: दोन्ही मिळून सगळे पत्ते येतात का, आणि एखादा पत्ता दोन्हीकडे आहे का? उत्तर ‘येतात’ आणि ‘नाही’ असे आले की मधे एक रेघ ओढतो.

अडचण एवढीच की या याद्या विसरभोळ्या असतात. एखाद्या पत्त्याकडून काही वेळ काहीच आले नाही, बहुतेक स्विचांत पाच मिनिटे, तर त्याचे नाव पुसले जाते. रात्री बंद असलेले सेवा केंद्र यादीतून गळून पडते. म्हणून नकाशा काढणारा संगणक आधी सगळ्यांना हाक मारून जागे करतो आणि मग फलक वाचतो. तरीही याद्या अर्धवट राहतात. अपुऱ्या याद्यांवरून बरोबर नकाशा काढणे हाच या विषयातला खरा अवघड भाग, आणि पुढचे बरेच संशोधन त्यावरच झाले आहे.

नकाशाला जे दिसत नाही

हा भाग लक्ष देऊन वाचा, कारण तुमची तक्रार इथे कामाला येते.

भारतनेटच्या पहिल्या टप्प्यात तालुक्याहून आलेला एक तंतू वाटेत काचेच्या एका छोट्या पेटीत फुटून अनेक ग्रामपंचायतींना जातो. या पेटीला स्प्लिटर म्हणतात. तिला वीज लागत नाही, तिच्यात बुद्धी नसते, ती प्रकाश फक्त वाटून देते. हाक मारली तर उत्तर देत नाही. त्यामुळे आपोआप तयार झालेल्या नकाशात ती कुठेच दिसत नाही. ती कोणत्या खड्ड्यात, कोणत्या खांबावर आहे हे माणसाने जागेवर जाऊन नोंदवले असेल तरच कळते.

मग बिघाड कसा शोधतात? एकाच स्प्लिटरवरच्या चार ग्रामपंचायती एकदम गप्प झाल्या तर दोष चौघींच्या सामायिक तारेत. एकच गप्प झाली तर तिच्या स्वतःच्या फाट्यात किंवा पेटीत. चारही पेट्या कोणत्या स्प्लिटरवर आहेत ही नोंद चुकलेली असेल, तर दुरुस्ती पथक भलत्याच गावाला जाते आणि एक दिवस वाया जातो.

इथे एक छोटी सोय मोठे काम करते. ग्रामपंचायतीतली पेटी वीज गेल्यावर बंद पडण्याआधी, उरल्यासुरल्या विजेवर तालुक्याला शेवटचा निरोप पाठवते: वीज गेली, मी चालले. तंत्रज्ञ याला शेवटचा श्वास म्हणतात. हा निरोप आला तर तार शाबूत आहे, विजेचा प्रश्न आहे. निरोप न येता पेटी नाहीशी झाली तर बहुधा तार तुटली.

तार कुठे तुटली हे ओटीडीआर नावाच्या यंत्राने कळते. ते तंतूत प्रकाशाची चमक सोडते आणि तुटक्या टोकावरून परत आलेल्या चमकेचा वेळ मोजते. तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो, म्हणजे एक किलोमीटर जाऊन परत यायला त्याला सेकंदाचा एक लाखावा भाग लागतो. यंत्र सांगते, ‘अकराशे मीटरवर तुटली.’ पण हे अंतर तंतूचे असते, रस्त्याचे नव्हे. दुरुस्तीसाठी जागोजागी तंतूची वेटोळी राखून ठेवलेली असतात, तीही त्या अकराशेत धरली जातात. म्हणून पथक कधी जागेच्या पुढे जाते, मग मागे येत खुणा शोधते. ‘सकाळी त्या वळणावर खोदत होते,’ हे गावकऱ्याचे एक वाक्य अशा वेळी यंत्राच्या आकड्यापेक्षा जास्त उपयोगाचे ठरते.

रेषेऐवजी कडे

पहिल्या टप्प्यातली रचना रेषेसारखी होती. वाटेत तार तुटली की पुढची सगळी गावे अंधारात. हेग्गडदेवनकोटे तालुक्यात बंदीपूर आणि नागरहोळे जंगलांच्या कडेने वस्त्या विखुरलेल्या आहेत. अशा ठिकाणी रेषेच्या टोकाचे गाव सर्वात आधी तुटते आणि पथकाला सर्वात दूर पडते. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर केला. त्यात २.६४ लाख ग्रामपंचायती कड्याच्या रचनेत जोडायच्या आहेत. एका बाजूने तार तुटली तर माहिती उलट्या बाजूने फिरून येते.

कड्याचा एक तोटा मात्र आहे, त्याची फारशी चर्चा होत नाही. एका जागी तुटले तरी सेवा चालू राहते, कोणी तक्रार करत नाही, कोणाला पत्ताच लागत नाही. महिनाभराने दुसरीकडे तुटते आणि मधली गावे एकदम बंद पडतात. पहिली तूट फक्त नकाशात दिसत होती. तो रोज कोणीतरी पाहावा लागतो.

तुम्ही खोदत असाल तर

विहीर, शेततळे, पाण्याची पाइपलाइन, घराचा पाया, काहीही खोदताना खाली काय गेले आहे हे वरून दिसत नाही. देशात दरवर्षी अशा खोदकामात फायबर सुमारे १० लाख वेळा तुटतो आणि अंदाजे ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असे केंद्र सरकारने सांगितले आहे. म्हणून २२ मार्च २०२३ रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे मोबाइल ॲप सुरू झाले. खोदणाऱ्याने त्यात जागा कळवली की त्या भागात ज्यांच्या तारा किंवा नळ आहेत त्यांना सूचना जाते आणि ते तुमच्याशी संपर्क साधतात. जेसीबी भाड्याने घेताना चालकाला आणि मुकादमाला हे आधीच विचारा. आपलीच तार आपण तोडली आणि मग आपणच रांगेत ‘सर्व्हर इल्ला’ ऐकले, असे घडायला नको.

तक्रारीत काय सांगाल?

‘नेट नाही’ एवढेच सांगितले तर त्यातून काही निघत नाही. गाव आणि ग्रामपंचायतीचे नाव, दुकानाच्या फलकावरचा क्रमांक, तारीख आणि वेळ सांगा. त्या वेळी वीज होती का, हे आवर्जून सांगा. शेजारच्या गावातले दुकान चालू होते का, हेही सांगा, कारण दोष फाट्यात आहे की सामायिक तारेत हे त्यावरून ठरते. तुमच्या स्वतःच्या मोबाइलवर नेट चालत होते का ते पाहा. त्याच कंपनीचे सिम असून तुमचे नेट चालत असेल तर मनोरा ठीक आहे, दोष यंत्रात किंवा पुढे सर्व्हरकडे आहे. सगळ्यांची बोटे जुळतात आणि तुमचेच जुळत नाही, तर हा जाळ्याचा प्रश्नच नव्हे. त्यासाठी आधार केंद्रात ठसे अद्ययावत करून घ्या. आधारची मदतवाहिनी १९४७.

शिधावाटपाची तक्रार १९६७ वर करा. कर्नाटक सरकारच्या इतर योजनांसाठी, गृहलक्ष्मीसह, १९०२ आहे. तक्रार क्रमांक लिहून घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.

तोवर तुमच्या धान्याचे काय?

जाळे बंद आहे म्हणून तुमचा हक्क संपत नाही. आधार नसणे, ठसा न जुळणे, जाळे नसणे अशा कारणांनी पात्र कुटुंबाला धान्य नाकारू नये, अशी सूचना केंद्र सरकारने २४ ऑक्टोबर २०१७ रोजी राज्यांना दिली आहे. अशा वेळचे वाटप वेगळे नोंदवून ठेवायचे असते. कर्नाटकचे कार्ड असेल तर दुकानदाराला ही नोंद करायला सांगा. नकार मिळाला तर राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ नुसार प्रत्येक जिल्ह्यात नेमलेल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जाता येते. हक्काचे धान्य मिळालेच नाही तर कायद्याच्या कलम ८ मध्ये अन्न सुरक्षा भत्त्याची तरतूद आहे.

महाराष्ट्र किंवा गोव्याचे कार्ड असेल तर वाट थोडी अरुंद आहे. म्हैसूरच्या दुकानदाराकडे तुमच्या कुटुंबाची यादी नसते, त्यामुळे वहीतल्या नोंदीवर तो धान्य देऊ शकत नाही. पण तुम्ही एका दुकानाला बांधलेले नाही. ई-पॉस यंत्र असलेल्या कोणत्याही रास्त भाव दुकानात तुमचे कार्ड चालते. म्हणून एका दुकानात जाळे नसेल तर दुसऱ्या भागातल्या, शक्यतो दुसऱ्या कंपनीचे सिम असलेल्या दुकानात त्याच दिवशी जाऊन पाहा. कार्डावर नाव असलेल्या आणि आधार जोडलेल्या कोणत्याही एका सदस्याचे बोट चालते. मजुरीवर गेलेल्या माणसाने सुट्टी घेण्याची गरज नाही. महिन्याच्या शेवटच्या दिवसांची वाट पाहू नका, कारण तेव्हा गर्दीही असते आणि बिघाड झाला तर दिवस उरत नाहीत.

प्राधान्य कुटुंबाला दरमहा माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे, त्यामुळे बाहेरचे कार्ड म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका. कर्नाटक सरकार आपल्या कार्डधारकांना वरून जे जास्तीचे देते, ते मात्र दुसऱ्या राज्याच्या कार्डावर मिळत नाही. ते मिळाले नाही म्हणजे जाळ्यात किंवा तुमच्या नोंदीत काही चुकले, असे समजू नका.